एकोणसाठ

आमच्या शाळेत ‘सुटलं’ हा शब्द कुणी म्हणायचा, याचा एक नियम आहे. तो मी केलेला नाही. माझ्या नणंदेने केला, आणि मोडला मात्र मी.

मी इथली मुख्याध्यापिका. मुलं मला तोंडावर मोठ्या मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी शाळेत ‘पान’ आणलं. पान म्हणजे संगणकावरचं समाईक पान, प्रत्येक वर्गाला एक. शिक्षक त्यावर धडा मांडतात आणि मुलं त्याच पानावर लिहितात, खोडतात, एकमेकांच्या चुका काढतात. कुणी शाळेच्या संगणकावरून, कुणी घरी आईच्या फोनवरून. पानावर जो हजर असेल त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका दिसतो. कुठे अडलं की समासात एक चौकट उघडायची आणि त्यात प्रश्न लिहायचा. ज्याला येईल त्याने खाली उत्तर द्यायचं. समजलं की चौकटीखालचं ‘सुटलं’ हे बटण दाबायचं, चौकट मिटते. इतकं सोपं आहे. पण शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी मी हे समजावून सांगितलं तेव्हा एकेकाचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले.

इतिहासाचे सर म्हणाले, “मग मॅडम, फळा काय आता वाळत घालायचा?”

त्यांचं मी मनावर घेतलं नाही. ते नव्या खडूलासुद्धा नावं ठेवतात. खरा विरोध घरचाच होता. गणिताच्या बाई म्हणजे माझी सख्खी नणंद. माझं लग्न झालं तेव्हा ही तेरा वर्षांची, दोन वेण्या घालणारी पोरगी. सासूबाईंच्या आग्रहाखातर मी तिला ‘वन्सं’ म्हणायला लागले ते कायमचं. हाक वन्सं आणि पुढे सगळं अगं-तुगं, असा आमचा कारभार. पुढे सासूबाई गेल्या, मग नऊ वर्षांपूर्वी माझा नवराही गेला. तिने लग्न केलं नव्हतं. सासर म्हणून मला जे काही उरलं होतं ते ही एकटीच. एका घरात राहायचं, एका शाळेत जायचं आणि वाटेत भांडायचं.

“वहिनी, चाळीस पोरांनी एकदम एकाच पानावर लिहायचं? शाळा आहे की बाजार?”

“बाजारात निदान सगळे बोलतात,” मी म्हटलं. “तुझ्या तासाला पहिल्या बाकावरची चारच तोंडं उघडतात.”

हे तिला लागलं. दोन दिवस घरात अबोला. मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायची. तिसऱ्या दिवशी मात्र संगणकाच्या खोलीत जाऊन मुकाट्याने शिकायला बसली. आणि तीन आठवड्यांनी एका दुपारी माझ्या ऑफिसात आली ती दार न वाजवताच. शाळेत मला कटाक्षाने मॅडम म्हणायची, त्या दिवशी विसरली.

“वहिनी, ती बोलते गं!”

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. दोन वर्षांत तिने वर्गात तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. तिने त्या दिवशी अपूर्णांकांवर अकरा चौकटी उघडल्या होत्या.

“बोलते कुठे? लिहिते,” मी म्हटलं.

“तेच ते,” ती म्हणाली आणि माझ्याच टेबलावरचं माझं पाणी पिऊन गेली. त्या मुलीचं नाव आम्ही प्रश्नचिन्ह ठेवलं.

त्यानंतर गणिताच्या बाई अशा काही पानाच्या मागे लागल्या की इतिहासाचे सर म्हणायला लागले, पानाशिवाय बाईंचं पान हलत नाही. नियमही तिने तेव्हाच केला. एक शिक्षक स्वतः उत्तर लिहायचे आणि स्वतःच बटण दाबून मोकळे व्हायचे. तिने त्यांना भर मीटिंगमध्ये धरलं. “ज्याचं अडलंय त्यानंच सुटलं म्हणायचं. मास्तरांचं काय, फळा पुसला की त्यांचं सुटतं.” हे पहिलं वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून वर्गावर्गांत लावलं. एक माझ्याही ऑफिसात, टेबलासमोरच्या भिंतीवर.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. परीक्षेच्या आधी मुलं घाबरून पांढरी पडली की ती त्यांना शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावायची. मी एकदा विचारलं, याने काय होतं? तर म्हणाली, “सरळ मोजणं म्हणजे घोकंपट्टी, ते झोपेतही येतं. उलटं मोजताना दर दहा आकड्यांनी एकोण आडवा येतो. साठनंतर पोरं दणकून अठ्ठावन्न म्हणतात. एकोणसाठला थांबावं लागतं. थांबून विचार करावा लागतो. आणि विचार करायला लागलं की भीतीला बसायला जागा उरत नाही.” मग म्हणाली, “शिवाय शब्द बघ ना वहिनी. एकोण म्हणजे एक उणा. आहे त्याची मोजदाद नाही, जो नाही त्याची आठवण.” मी म्हटलं, गणित शिकव, कीर्तन नको.

गेल्या वर्षी तिचा घसा बसला. बसला तो उठेना. सगळे काढे करून झाले, मग तपासण्या झाल्या, मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागलं. शेजारच्या इमारतीत ऐकू जाईल असा जिचा आवाज, तिच्या गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढरी जाळी. मला वाटलं, आता ही शाळा सोडणार. दोन महिन्यांनी ती वर्गात जाऊन बसली. मांडीवर पाटीएवढं यंत्र घेऊन पानावर लिहायची, ते मोठ्या पडद्यावर उमटायचं आणि चाळीस मुलं टाचणी पडली तर ऐकू येईल इतक्या शांततेत वाचायची. जे पान तिला बाजार वाटलं होतं, त्यावरच ती बोलत होती. घरीसुद्धा समोरासमोर बसून ती लिहायची आणि मी ओरडून उत्तर द्यायची. ती लिहायची, “मी मुकी आहे, बहिरी नाही.”

आणि मी काय केलं? मी मिरवलं. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं ठरवून बसले आहे. मुख्याध्यापकांच्या प्रत्येक सभेत मी सांगायची, आमच्याकडे एक शिक्षिका आवाजाशिवाय शिकवते, बघायला या. हळूहळू बोलबाला झाला. आमचं पान आणखी पन्नास शाळांना द्यायचं की नाही, हे ठरवायला पाहणी समिती येणार असं पत्र आलं. शुक्रवार, सकाळी दहा.

त्याच सुमारास तिचं दुखणं उलटलं. दुसरी शस्त्रक्रिया ठरली. तीही शुक्रवारीच, सकाळी साडेसातला.

मी म्हटलं, “समितीची तारीख बदलून घेते.”

तिने लिहिलं, “काही नको. तीन वर्षं राबलीस. फक्त गुरुवारी संध्याकाळी ये. रात्रभर पुरेल एवढं बसून जा.”

“पाचला येते,” मी म्हटलं. भेटायची वेळ सहापर्यंत होती.

गुरुवारी सकाळी तिला दाखल केलं, पलंगाशेजारच्या कपाटात कपडे लावले आणि शाळेत आले. दुपारी पानं उघडून बघते तर जिकडेतिकडे उघड्या चौकटी. एकट्या सातवीच्या पानावर एकशे त्रेचाळीस. मुलं प्रश्न विचारतात, उत्तर मिळालं की खेळायला पळतात, बटण दाबायचं राहून जातं. काही मुलांचं खरंच अडलेलं असेल. पण समितीला काय दिसणार? आमच्या शाळेत कुणालाच काही येत नाही, असं दिसणार. मुख्याध्यापकाच्या खात्यात एक जास्तीचं बटण असतं: ‘सगळं सुटलं’. मी ते कधी वापरलं नव्हतं. समोर भिंतीवर नियम होता, आणि मी त्याच्याकडे बघून मनात म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे, मग बघू.

एकेक वर्ग करत गेले. पान खाली सरकवून पाहिलंसुद्धा नाही. यंत्र विचारायचं, ‘नक्की?’ मी म्हणायची, नक्की. सातवीचं शेवटी केलं, पाचला काही मिनिटं असताना. पानं आरशासारखी लख्ख झाली. निघायला उठले तर शिपाईमामा विचारायला आले, हॉलमधल्या खुर्च्या किती. मग पडदा लागेना. मग चित्रकलेच्या बाईंनी पाटीवर ‘स्वागत’चं ‘स्वगत’ केलेलं दिसलं, ते पुसून पुन्हा लिहून घेतलं. फोन ड्रॉवरमध्ये होता. कामात मी फोन बघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

दवाखान्यात पोचले तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारावरच्या माणसाने सोडलं नाही. मी मुख्याध्यापिका असल्याचंही सांगून पाहिलं. तो म्हणाला, “असाल हो बाई, पण सहा म्हणजे सहा.” एक नर्स खाली येऊन म्हणाली, त्यांना औषध दिलंय, झोप लागलीये. आणि मला हायसं वाटलं. झोपली म्हणजे बरं झालं, आता उद्याच भेटू, असं वाटून मी घरी गेले आणि भाषण पुन्हा एकदा वाचून काढलं.

सकाळी सातला गेले तर तिला आत नेलेलं होतं. चारपाच तास लागतील, डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून मी काय करणार होते? हे मी तेव्हा स्वतःला विचारलं, आणि आता रोज विचारते. मी शाळेत गेले.

समितीचे अध्यक्ष मोठ्या पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, “एकही चौकट उघडी नाही! सगळ्यांचं सगळं सुटलेलं?”

मी म्हटलं, “आमची मुलं हुशार आहेत.”

सगळे हसले, टाळ्या झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी शिपाईमामा ऑफिसातला फोन आल्याचं सांगायला दारात उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती.

मग घरी लोक आले. शेजारीण माझा हात हातात घेऊन म्हणाली, “सुटली बिचारी.” तिच्यामागून आलेली म्हणाली, “सुटली हो. किती सोसलं.” इतिहासाचे सर, ज्यांचे डोळे रडून सुजले होते, तेसुद्धा म्हणाले, “बाई सुटल्या.” माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, “तुम्हाला कुणी सांगितलं? तिनं सांगितलं का? ज्याचं अडलंय त्यानं म्हणायचं, तुम्ही कोण?” कुणीतरी मला पाणी दिलं. दुःखाने हिला भ्रम झाला, असं त्यांना वाटलं असणार.

दवाखान्यातून तिचं सामान आलं. चष्मा, कंगवा, लिहायचं यंत्र आणि एक चिठ्ठी. नर्स म्हणाली, “गुरुवारी त्यांनी ही मला लिहून दाखवली. आधी फार घाबरल्या होत्या. पाचच्या सुमारास एकदम शांत झाल्या. केस विंचरून घेतले, उशी टेकवून दाराकडे तोंड करून बसल्या. सहा वाजून गेल्यावर मग औषध दिलं.” चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘वहिनी निघाली.’ मला त्याचा अर्थ लागेना. मी तर तिला निघते म्हणून काहीच कळवलं नव्हतं.

अर्थ कळायला तीन आठवडे गेले. पन्नास शाळांना पान देण्याचं पत्र आलं त्याच दुपारी प्रश्नचिन्ह, आता सातवीतली, माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. आवाज इतका बारीक की मला दोनदा विचारावं लागलं.

“मॅडम, आमची एक चौकट उघडून द्याल? मिटलेल्या चौकटी तुम्हालाच उघडता येतात. आम्ही मोजत होतो. साठवर राहिलंय.”

“कुणाची चौकट?”

“बाईंची.”

मी सातवीचं पान उघडलं. मिटलेल्या चौकटींची यादी काढली. त्या गुरुवारपर्यंत मागे गेले. त्यातली सगळ्यात वरची चार वाजून एकवीस मिनिटांची होती.

‘वहिनी, तुझा हिरवा ठिपका पानांवर फिरताना दिसतोय म्हणून इथेच लिहिते. फोन तर तू बघत नाहीस. मला फार भीती वाटतेय गं. पाचपर्यंत धीर धरवत नाही. आत्ताच ये ना.’

माझा ठिपका तिला दिसत होता. मी तिथेच होते.

त्याखाली दोन मिनिटांनी प्रश्नचिन्हाने लिहिलं होतं, ‘बाई, शंभर.’

वन्संचं उत्तर होतं, ‘नव्व्याण्णव.’ मग दुसऱ्या एका मुलाने अठ्ठ्याण्णव. मग आणखी कुणी. सातवीचा अर्धा वर्ग आपापल्या घरून आला होता. कुणीही एक शब्द जास्तीचा लिहिला नव्हता, नुसते आकडे. एकाने नव्वदनंतर अठ्ठ्याऐंशी लिहिलं, तर तिने त्याला थांबवलं होतं: ‘एकोणनव्वद राहिला रे. सावकाश. मला कुठे जायची घाई आहे?’ एकोणऐंशी बरोबर आला. एकोणसत्तरही. एकसष्ट प्रश्नचिन्हाचा. साठ वन्संचा. चार वाजून बावन्न मिनिटं.

आणि त्याखाली करड्या अक्षरांत: ‘सुटलं. मुख्याध्यापिका. ४.५२.’

ही ओळ जिची चौकट तिलाच दिसते, मुलांना नाही. तिने ते वाचलं होतं. वहिनीने वाचलं, सुटलं म्हणाली, म्हणजे निघाली, असं तिने धरलं. तिने केस विंचरले आणि दाराकडे बघत बसली. मी चित्रकलेच्या बाईंना काना कुठे द्यायचा ते सांगत होते तेव्हा ती दाराकडे बघत होती. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला, तो माझा मलाच ओळखू आला नाही.

प्रश्नचिन्ह टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिच्या बाजूने तिला पडदा दिसत नव्हता. ती म्हणाली, “चौकट मिटली ना, तेव्हा आम्हाला वाटलं बाईंनीच दाबलं. साठवरच भीती गेली त्यांची. मी घरी टाळ्या वाजवल्या.”

हे असंच राहू देता आलं असतं. हो बाळा, बाईंनीच दाबलं, एवढं म्हणून तिला परत पाठवता आलं असतं. तिच्यासाठी ते बरंही झालं असतं. पण तिच्या मागच्या भिंतीवर ते छापलेलं वाक्य होतं, आणि मला ते पुन्हा मोडायचं नव्हतं.

“बाईंनी नाही दाबलं,” मी म्हटलं. “मी दाबलं. न वाचता.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता, नुसता प्रश्न पडला होता, आणि तेच मला जास्त लागलं.

“पण मॅडम, अडलेलं तुमचं नव्हतं ना?”

मी मान हलवली. मी चौकट उघडली. साठच्या खाली रिकामी ओळ आली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी मी लिहिलं, अठ्ठावन्न.

ती टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीशेजारी आली. पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, “मॅडम, एकोणसाठ राहिला.”

मी खोडलं. एकोणसाठ लिहिलं. मग तिने माझ्यापुढचा कळफलक स्वतःकडे ओढला आणि अठ्ठावन्न लिहिलं. शाळा सुटली तेव्हा आम्ही एकोणतीसवर होतो, कारण दर आकड्याला मी थांबत होते आणि ती थांबू देत होती. दुसऱ्या दिवशी वर्गाने शेवटपर्यंत नेलं.

ते पान आता पन्नास शाळांत गेलं आहे. आमच्या सातवीच्या पानावर मात्र एक चौकट उघडी आहे. नव्या शिक्षकांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी विचारणारच, मॅडम, ही जुनी दिसते, मिटवू का? मी त्यांना नाही म्हणणार आहे. जिचं अडलं होतं तिने अजून सांगितलेलं नाही.